कोरडा सूर

माडीवरच्या खोलीत चौदा दिवस.
दाराशी ताट ठेवून सून जिना उतरते,
मी पायऱ्या ऐकते. सतरा.
माझ्या वाट्याला भिंतीपासून भिंतीपर्यंत नऊ पावलं,
मधे शिलाईमशीन.

लेकानं पुण्याहून धाडलेलं घड्याळ
तासातासाला मनगटावर थरथरतं:
उठा. हला.
अरे बाबा, कुठं?

मग खणभागातल्या सुलक्षणाचा फोन.
दस्तगीर मास्तर शिकवतायत, सकाळी सहाला, पोहायला.
पोहायला? फोनवर?
"स्टूल आहे ना गं घरात?"

दस्तगीर मास्तरांना मी ओळखते.
माझ्या तिन्ही भावांच्या पाठीला पत्र्याचे डबे बांधून
त्यांनीच घाटावरून ढकललं होतं कृष्णेत.
मी तेव्हा पायरीवर, चपला राखत.
तीन जोड, तीन सदरे, एकच टॉवेल
आणि ओल्या डोक्यांची मोजणी:
एक वर आला, दुसरा आला,
तिसरा कुठाय, तिसरा
आला.

तर सहाला अकरा चौकोन उघडतात.
अकरा घरं, अकरा स्टुलं,
त्यांवर पोट टेकून अकरा माणसं अधांतरी.
विश्रामबागच्या आवटींचं नुसतं टक्कल दिसतं.
कुपवाडची जुळी पोरं कॉटवरून सूर मारतात,
पाठोपाठ आईच्या धपाट्याचा आवाज.
मिरजेतून मास्तर ओरडतात,
"तोंडं म्यूट करा, पाय न्हाय!
गुडघ्यातनं नको ताई, मांडीतनं मारा.
पाणी हाय असं समजायचं."

ते मला जड जात नाही.
गेल्या श्रावणात याच खोलीत सगळे दाटीवाटीनं बसून
एकमेकांना विचारत होतो, आयर्विनखाली किती?
पन्नास फूट. चोपन्न. सत्तावन्न.
जिन्याच्या नवव्या पायरीला ती रेघ आहे अजून,
घासून जात नाही.
आता माझ्या बोटाला चिमटा असतो
आणि खालून मुलगी त्याच आवाजात विचारते,
आई, किती?
चौऱ्याण्णव.
तेव्हा आकडा चढू नये म्हणून जागायचो.

अर्धा तास हातपाय मारून मी घामानं निथळते.
घड्याळ म्हणतं, आजची पावलं: शून्य.
बरोबरच आहे.
मी चालले कुठं होते?

नवव्या दिवशी मास्तरांचा चौकोन काळा.
आम्ही आपले स्टुलांवर लोंबकळत,
कुणीतरी म्हणालं, नेट नसेल.
मग उजळला.
हिरवा पडदा, लोखंडी कॉट,
प्लास्टिकच्या हातमोज्यातल्या कुणीतरी फोन आडवा धरलेला
आणि मास्तर पालथे.
छातीखाली उशी, तोंडावर मास्क.
असंच झोपायला सांगितलंय डॉक्टरांनी, हातमोजा म्हणाला,
बोलायची परवानगी नाही.

बोलले नाहीत.
डावा हात कॉटबाहेर काढला,
बोटं जुळवली,
लांब केला,
ओढला मागं.
मान एका अंगाला. श्वास.
पुन्हा लांब.

जुळी पोरं गप्प.
आवटींचं टक्कल वर झालं आणि पहिल्यांदा चेहरा दिसला.
मधेच चित्र अडकलं,
मास्तरांचा हात पुढं, तसाच,
आणि आम्हीही कुणी हात खाली घेतला नाही.
स्टुलाची कड फासळ्यांत रुतत होती.
किती वेळ, घड्याळानं मोजलं नाही.
मग सुटलं.
मान. श्वास.

चौदाव्या दिवशी मी जिना उतरले.
घड्याळाला कोण आनंद! सतरा पावलं, शाब्बास.
नवव्या पायरीवर थोडी थांबले होते,
ते त्यात आलं नाही.

भावांना सांगितलं, मला पोहता येतं.
पाण्यात तेवढी अजून गेले नाही,
घाटावर बांबू बांधलेत.
धाकटा हसला.
हसू दे. त्याच्या चपला होत्या त्या.

काल रात्री उशिरा ग्रुपवर एक आवाज आला.
अकरा सेकंदांचा. त्यातले सात नुसता दम.
दोनदा लावला तेव्हा शब्द लागले:
"उद्या सहा.
स्टुलं पुसून ठेवा."